आखूड रजया आणि उंचावरची झोप

खरंच झोपलेला माणूस आणि झोपेचं सोंग घेतलेला माणूस यांतला फरक मला त्यांच्या पावलांवरून कळतो. चेहरा पाहण्यात अर्थ नसतो, त्याला लहानपणापासून खोटं बोलायची सवय लागलेली असते. माणूस उताणा पडून गाढ झोपला की मांडीपोटरीचे स्नायू सैल सुटतात आणि पावलं दोन बाजूंना कलंडतात. सोंग घेणाऱ्याची पावलं मात्र छताकडे अंगठे करून ताठ उभी राहतात. हैदराबादेतल्या एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात मी सगळी नोकरी फिजिओथेरपिस्ट म्हणून केली. तिथून घरी आणलेल्या ज्ञानापैकी सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं हेच. नवरा, मुलगा आणि आता नातू, तिघांनाही रविवारी सकाळी मी याच खुणेवरून पकडलं आहे.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या मनात कंबरदुखी आणि गुडघेदुखी असणार. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या मानेचंही विचारून घेतलं. माझ्या ओळखीत असा एकही माणूस नाही ज्याने फोनवर मान, खांदा किंवा टाच पुढे केली नाही. पण कंबर आणि गुडघ्यांवर आता गल्लोगल्ली लोक बोलतात. मी झोपेवर लिहिणार आहे.

आधी धंद्याची थोडी ओळख. आमचा विभाग दवाखान्याच्या मागच्या बाजूला, ड्रेसिंग रूमच्या पलीकडे होता. शेकाचे दिवे, वितळलेल्या मेणाचं भांडं, दोऱ्या, कप्प्या आणि स्नायूंना झिणझिण्या देणारं एक यंत्र. कामगारांचा सगळा जीव त्या यंत्रावर. व्यायाम सांगितला की चेहरे पडायचे. फोर्ज शॉपमधले हमीद चाचा तर खांदा बरा झाल्यावरही वर्षभर येत राहिले. "आज करंट थोडा जादा मारो अम्मा, कल मजा नै आया," म्हणायचे. दुसऱ्या टोकाला आमचे एक लेखा अधिकारी होते. मी त्यांना मानेचे व्यायाम लिहून दिले, तर ते शिकून घ्यायला त्यांनी आपला शिपाई पाठवला. शिपायाने मन लावून व्यायाम केले आणि त्याची मान आजही उत्तम आहे.

या सगळ्यांशिवाय माझ्याकडे फौंड्रीतले लोक येत. धुळीने छाती भरलेले. त्यांना मी श्वास कसा घ्यायचा ते शिकवायचे, त्यामुळे समोरच्याच्या श्वासाची लय ऐकायची मला खोडच लागली. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या हृदयरोग्यांचा एक श्वास मी पुष्कळदा ऐकला होता. तो हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत होत पूर्ण थांबतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागल्यावर एकदम मोठा उसासा येऊन पुन्हा सुरू होतो. तो ऐकला की वॉर्डातल्या सिस्टर नातेवाइकांना बोलावून घ्यायच्या.

आता मूळ गोष्टीकडे. आमच्या कारखान्याचा मुलींचा एक संघ होता, लांब पल्ल्याच्या धावण्याचा. मोजक्याच मुली, आणि त्यांचे कोच रज्जाक साब. रज्जाक साब सिकंदराबादचे, फौजेतून निवृत्त झालेले. गळ्यात शिटी, हातात लांबलचक बॅटरी आणि कपड्यांना कडक इस्त्री. मुलींवर त्यांची माया फार, पण ती आपण दाखवली तर मुली बिघडतील अशी त्यांना भीती होती. मुली त्यांना घाबरायच्या आणि मला अक्का म्हणायच्या. मी त्यांच्या पोटऱ्या रगडायचे, घोटे बांधायचे आणि त्यांच्या तक्रारी ऐकायचे.

ते उदारीकरणाचे सुरुवातीचे दिवस होते. सिकंदराबादच्या रस्त्यांवर नव्या मोटारी दिसू लागल्या, घराघरांत परदेशी चॅनेलं आली आणि आमच्या कारखान्यात नवे चेअरमन साहेब आले. सरकारी कारखान्यांनी आता आपल्या पायावर उभं राहायचं, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, कँटीन ठेकेदाराला दिलं आणि मग त्यांची नजर आमच्या संघावर पडली. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याने पोरी का पळवायच्या, असा त्यांचा साधा प्रश्न होता.  शेवटी एक तोडगा निघाला. सार्वजनिक उद्योगांची अखिल भारतीय स्पर्धा त्या हिवाळ्यात हैदराबादेतच होती. तिथे पदक आलं तर संघ राहील आणि तात्पुरत्या मुली कायम होतील. नाही आलं तर संघ बंद.

या तात्पुरत्या मुलींमध्ये मंजुळा होती. बिदरकडचं शेतकरी मराठी कुटुंब, पण तिच्या आजोबांपासून हैदराबादेत. राहायला गौलीगुड्यात. वडील तुकारामअण्णा बेगम बाजारातल्या मसाल्याच्या ठोक दुकानात तोलारी होते. पोती काट्यावर चढवून चढवून त्यांची कंबर गेली होती. त्यांना ना बसता यायचं ना निजता. मंजुळाच्या तुटपुंज्या मानधनावर घर चाललं होतं. ती माझ्याकडे पोटरी दाखवायला येई आणि विचारी वडिलांचंच. "अक्का, अण्णाला एकदा तुमच्या टेबलावर घ्या ना." मला घेता येत नव्हतं. तात्पुरत्या लोकांच्या घरच्यांना आमच्या दवाखान्यात उपचार नव्हते. मी खटपट करून पाहिली, अधीक्षकांनी नियम दाखवला. म्हणजे मुलगी कायम झाली तरच बापाची कंबर माझ्या टेबलावर येणार होती.

रज्जाक साबनी चेअरमन साहेबांकडून एकच गोष्ट मागून घेतली. स्पर्धेपूर्वी मुलींना महिनाभर हिमालयात, साडेआठ-नऊ हजार फुटांवर राहायला न्यायचं. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून लेडी मॅनेजर मी. नवऱ्याने दोन स्वेटर काढून दिले आणि हैदराबादच्या पलीकडे ज्याला थंडी माहीत नाही त्याच्या आवाजात जपून राहायला सांगितलं.

उंचावर जाऊन पळायचं कशासाठी, असं मला तेव्हाही लोकांनी विचारलं होतं. तिथे हवा विरळ. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून शरीर काही आठवड्यांत रक्तातल्या लाल पेशी वाढवतं. मग तेच शरीर खाली आणलं की जास्तीच्या पेशी कामाला येतात आणि माणूस अधिक दमाने पळतो. हे रज्जाक साबना पक्कं माहीत होतं. मलाही पुस्तकातून माहीत होतं. पेशी वाढायला लागतात ते दिवस माणूस काढतो कसा, हे मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेलं होतं.

जंगल खात्याच्या एका जुन्या विश्रामगृहात आम्ही उतरलो. मुलींना एक लांब खोली, शेजारी माझी, व्हरांड्याच्या टोकाला रज्जाक साबची. देवदारांच्या मधोमध थोडी सपाट जागा होती, तेच मैदान. रज्जाक साबचा फौजेपासूनचा एक नियम होता. रात्री दिवे घालवल्यावर थोड्या वेळाने ते बॅटरी घेऊन फेरी मारत. मी पुढे आणि ते मागे, अशी आमची वरात मुलींच्या खोलीतून जायची. जी जागी सापडेल तिला सकाळी जास्तीच्या फेऱ्या. हैदराबादेतल्या शिबिरांमध्ये हा नियम कधी कुणाला टोचला नव्हता, कारण दिवसभर पळून दमलेल्या मुली जेवताजेवताच पेंगायच्या.

इथे मात्र पहिल्या आठवड्यातच सगळं बिनसलं. मुलींचे पाय उचलेनात. हैदराबादेत ज्या वेळात त्या हसत धावत, त्या वेळाच्या जवळपासही कुणी येईना. थोडं मंदावणं अपेक्षितच होतं, पण हे दिवसागणिक वाढत गेलं. रज्जाक साबना वाटलं, पोरी सहलीला आल्यासारख्या वागतायत. त्यांनी काम वाढवलं. काम वाढल्यावर मुली आणखी मंदावल्या. सगळ्यात वाईट दशा मंजुळाची. एका दुपारी हातातला पोळीचा तुकडा तसाच धरून ती ताटावर बसल्याबसल्या झोपली. रज्जाक साबनी शिटी वाजवून तिला उठवलं.

त्याच दिवशी मुलींच्या खोलीच्या दारावर मला लिंबू-मिरची टांगलेली दिसली. आत गेले तर फिलोमिनाच्या उशाशी क्रूस, मंजुळाच्या दंडाला दर्ग्यातला दोरा, आणि खिडकीच्या कडीला कुणाचीशी हळदकुंकवाची पुडी. एवढ्या सगळ्या देवांना एकाच खोलीत कामाला लावलंय म्हणजे प्रकरण गंभीर असणार. मुलींना विचारलं, तर सगळ्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागल्या. फिलोमिना म्हणाली, सर्दी होऊ नये म्हणून. मिरचीने सर्दी थांबते हे मला नवीन होतं.

खरं सांगायचं तर माझीही झोप उडाली होती. डोळा लागतो न लागतो तोच गुदमरून जाग यायची. मी ते थंडीवर, नव्या जागेवर आणि चाळिशीवर ढकललं होतं. माझ्या मनात आलं, मी धावत नाही तर माझी ही गत. पण फेरीत तर सगळ्या मुली ढाराढूर झोपलेल्या दिसत होत्या.

त्या रात्रीच्या फेरीत मी पहिल्यांदा नीट पाहिलं. विश्रामगृहाच्या रजया आखूड होत्या. आमच्या हैदराबादच्या पोरी, थंडी म्हटली की आधी डोकं झाकणार. रजई डोक्यावर ओढली की दुसऱ्या टोकाने पावलं बाहेर यायची. बॅटरीच्या उजेडात त्या खोलीत फक्त लोकरी मोजे दिसत होते, आणि एकूण एक अंगठा छताकडे ताठ उभा होता. अख्खी खोली सावधानमध्ये निजलेली. रज्जाक साब समाधानाने "शाबाश" पुटपुटले आणि निघून गेले. मी मात्र माघारी वळले आणि दाराशी अंधारात उभी राहिले.

थोड्या वेळाने एका कोपऱ्यातली पावलं कलंडली. मंजुळाची. मला बरं वाटलं. मग तिचा श्वास ऐकू आला आणि मी घाबरले. श्वास मोठा होत गेला, लहान होत गेला आणि थांबला. म्हाताऱ्यांच्या वॉर्डातला तोच श्वास, इथे विशीतल्या धडधाकट मुलीच्या छातीत. मग मोठा उसासा टाकून ती धडपडत उठून बसली. शेजारच्या खाटेवर तोच प्रकार सुरू झाला. तेव्हा माझी भीती गेली आणि डोकं चालू लागलं. एका मुलीला हृदयविकार असू शकतो, सगळ्या खोलीला नाही.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. ऑक्सिजन हवा म्हणून आपण श्वास घेतो, असं आपल्याला वाटतं. एरवी श्वास मुख्यतः चालतो तो रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या धाकाने. उंचावर विरळ हवेमुळे माणूस भराभर श्वास घेतो, त्यात हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. जागेपणी भागतं. झोपेत मेंदूवरचा तो धाक सुटतो आणि श्वास थोडा वेळ थांबतो. मग ऑक्सिजन आणखी घसरला की शरीर दचकून मोठा श्वास ओढतं आणि झोप मोडते. रात्रभर हेच. गाढ झोप लागतच नाही. निरोगी माणसात हे बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप कमी होतं. पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं ते हे. ही मोडकी झोप घेऊन आमच्या मुली सकाळी दुप्पट धावत होत्या, आणि शिक्षा होईल म्हणून रात्री सोंगं घेत होत्या.

सकाळी मी मंजुळाला पायऱ्यांवर बसवलं आणि पावलांचं सांगून टाकलं. तिने आधी पाय फ्रॉकखाली ओढून घ्यावेत तसे आखडून घेतले, मग रडू लागली.

"अक्का, डोळा लागला की छातीवर कोणीतरी येऊन बसतंय. सच्ची. हे घर बरोबर नाही म्हणतात पोरी. साबला सांगावं तर ते म्हणणार झोपत नाही, वापस जा. वापस गेले की सगळं खतम. अण्णाला काय सांगू मी?"

तिच्या छातीवर कुणी बसत नाही, तिचीच छाती अतिकाम करते आहे, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, दंडाचा दोरा तिने काढला नाही. मीही काढायला सांगितलं नाही. पण ती ज्या गोष्टीला घाबरत होती ती तोवर ठरून गेली होती. नाश्त्याच्या वेळी रज्जाक साबनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मंजुळाला दुसऱ्या दिवशीच्या बसने परत धाडायचं. "लडकी में दम नै है, डॉक्टरनी साब. पहाड उसकू रास नै आया." मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

एकदा अनफिट म्हणून परत गेलेली तात्पुरती मुलगी पुन्हा घेत नसत. मी त्यांना पावलांचं आणि श्वासाचं सगळं सांगितलं. ते सभ्यपणे ऐकत राहिले. त्यांचं म्हणणं असं की फौजेत ते याहून उंच ठिकाणी राहिले आहेत, जवान झोपायचे, मग पोरींना काय झालं. मला राग आला. रागात माझं एक बरं असतं, नजर तीक्ष्ण होते. मला त्यांचे सुजलेले डोळे दिसले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला दिसला, आणि सदऱ्याचं चुकलेलं बटण दिसलं. ज्या माणसाची इस्त्री कधी मोडली नाही त्याचं बटण चुकलं होतं.

मी विचारलं, "रज्जाक साब, आपको नींद आती?"

 ते कप खाली ठेवून इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"आए सो दिन से कोई सीने पो बैठरा. आँख लगी की दम घुटता. मैं समझा ऊपर से बुलावा आ गया. किसकू बोलूँ? कोच सोताच नै बोले तो बच्चियाँ क्या सोचतीं?"

मला हसू आवरेना. महिनाभराच्या त्या शिबिरात कोच, मॅनेजर आणि अख्खा संघ एकमेकांपासून लपून जागत होता. मी हसतेय हे बघून ते आधी रागावले आणि मग स्वतःच हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फौजेत जवान झोपायचे की झोपल्यासारखे पडायचे, हे आता आठवून बघा, असं मी म्हटलं. बसचं तिकीट काढायला मात्र कुणी गेलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी मुलींना रांगेत उभं केलं आणि स्वतःच्या झोपेची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. ते सोपं नव्हतं. मुली आधी दचकल्या, मग फिलोमिना फिसकन हसली आणि गाठ सुटली. बॅटरीची फेरी बंद झाली. रात्री जाग आली तर खुशाल उठून बसायचं, पाणी प्यायचं, कुणी काही म्हणणार नाही. सकाळचं धावणं काही दिवस फक्त चालणं, दुपारी जेवणानंतर सक्तीची डुलकी. खालच्या गावातल्या कंपाउंडरने झोपेच्या गोळ्या देऊ केल्या, त्या मी घेतल्या नाहीत. आधीच अडखळणाऱ्या श्वासाला गोळीने आणखी मंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. रात्रीच्या जेवणावरचा चहाही मी बंद केला, आणि बंड झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर. हैदराबादच्या माणसाची झोप काढून घ्या, तो सोसतो. चहा काढून घेतला की तो नियम विचारतो.

हळूहळू फरक पडला. पहिल्यांदा दुपारच्या डुलकीत पावलं कलंडली, मग रात्री. आणि मग एक सकाळ अशी आली की ऊन देवदारांच्या निम्म्यावर आलं तरी मुलींच्या खोलीचं दार बंद. मी बाहेर आले तर रज्जाक साब मैदानाच्या कडेला पूर्ण पोशाखात, शिटी ओठांत धरून उभे होते. गाल फुगलेले. मी दारातून आत डोकावून आले आणि दोन्ही तळवे बाजूंना कलंडवून त्यांना खूण केली. त्यांनी शिटी खाली सोडली आणि पायरीवर बसले. आम्ही दोघं चहा प्यायलो. आतून श्वास ऐकू येत होते, सगळे सरळ, एकसारखे. नोकरीत मी पुष्कळ माणसं बरी केली, पण त्या सकाळी जे वाटलं तसं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं आहे.

त्यानंतर मुली धावल्या. रोज थोड्या पुढे. मंजुळाचं सुटत जाणारं पाऊल बघून रज्जाक साब तोंड फिरवून रुमाल काढायचे आणि हवेला दोष द्यायचे. परतीच्या गाडीत, जाड हवेत उतरलो तशा मुली जणू झोपेच्या सगळ्या थकबाकीवर तुटून पडल्या. मंजुळा तर नागपूरपर्यंत एका कुशीवर. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, मुलगी आजारी आहे का. रज्जाक साब छाती काढून म्हणाले, "नै जनाब, तंदुरुस्त है."

स्पर्धा आम्ही उतरल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी होती. उतरल्यावर आधी पाय जड होतात, मग हलके होतात, हा हिशेब रज्जाक साबनी आधीच करून ठेवला होता. मंजुळाची शर्यत दहा हजार मीटरची, मैदानाला पंचवीस फेऱ्या. त्या सकाळी ती माझ्याकडे पोटऱ्या चोळून घ्यायला आली आणि टेबलावर बसताच म्हणाली, "अक्का, रातभर झोप नाही आली." तीच मुलगी, जी डोंगरावर सोंग घेऊन पडायची. एका रात्रीने काही बिघडत नाही, मागचे आठवडे तू नीट झोपली आहेस, ते पायांत आहेत, असं मी तिला सांगितलं. रज्जाक साबनी दारातून विचारलं, पोरगी झोपली का. मी नाही म्हटलं. "खुद बोली?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते खुशीत शिटी फिरवत निघून गेले.

मैदानात चेअरमन साहेब पहिल्या रांगेत होते. तुकारामअण्णा कंबरेला पट्टा बांधून, काठी घेऊन आले होते. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून कठड्याला धरून उभे. पंजाबकडच्या एका कारखान्याची नावाजलेली धावपटू पुढे होती, मंजुळा तिच्या खांद्यामागे. लोक पाय बघत होते, मी छात्या बघत होते. पुढचीचे खांदे हळूहळू कानांकडे चढायला लागले, श्वास मानेतून येऊ लागला. मंजुळाचे खांदे खाली, श्वास पोटातून, देवदारांखाली होता तसाच. मी शेजारच्या फिलोमिनाला म्हटलं, जिंकली. अजून तीन-चार फेऱ्या बाकी होत्या, तिला वाटलं अक्काचं डोकं फिरलं. शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि मंजुळा बाहेरून निघाली. वळणावर तिने पुढचीला गाठलं, सरळ रस्त्याला लागेपर्यंत मधे चांगलं अंतर पडलं. रज्जाक साब कठड्यावर चढले होते. ते शिटी वाजवत होते आणि पंच त्यांना खाली उतरा म्हणून हात करत होते. मी माझ्या वयाला आणि हुद्द्याला न शोभेल अशी ओरडले. सोन्याचं पदक आमच्या संघाला तोवर कधी मिळालं नव्हतं.

बक्षीस समारंभात चेअरमन साहेब भाषणाला उभे राहिले. त्यांचं भाषण जागतिक स्पर्धेपासून सुरू झालं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. अखेरीस त्यांनी जाहीर केलं की संघ राहील आणि मंजुळासह सगळ्या तात्पुरत्या मुलींना कायम नोकरी देण्यात येत आहे. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं, मंजुळा सोडून. गळ्यात पदक, अंगावर कारखान्याची शाल, आणि खुर्चीत मागे रेललेली. साहेबांनी वाकून बघितलं, मग प्रश्नार्थक चेहऱ्याने रज्जाक साबकडे. त्यांनी माझ्याकडे. मी पावलं बघितली आणि दोन्ही तळवे कलंडवून दाखवले. "असली है, साब," रज्जाक साब अभिमानाने म्हणाले. ज्या बातमीसाठी ती धावली ती तिला सगळ्यांत शेवटी कळली.

संघ त्यानंतर पुष्कळ वर्षं टिकला, मग सगळ्याच गोष्टींबरोबर बंद झाला. कारखान्याच्या मैदानाच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिथली मुलं रात्रभर जागून परदेशातल्या लोकांशी बोलतात. त्यांच्या झोपेची फेरी मारणारं कुणी नाही. रज्जाक साब गेले. जाण्याआधी त्यांनी ती बॅटरी मंजुळाला दिली. मंजुळा आज शाळेच्या मुलींना शिकवते आणि बॅटरी वीज गेली की वापरते. संघ राहिला असता तर अशा आणखी किती मंजुळा झाल्या असत्या, हे मनात आलं की अजूनही चुटपुट लागते.

पण निकालानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ मात्र कुणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही. तुकारामअण्णा कारखान्याचं नवंकोरं ओळखपत्र छातीशी धरून माझ्या विभागात आले. मंजुळा त्यांना धरून होती. मी त्यांना टेबलावर घेतलं, कंबरेखाली गरम शेक दिला, गुडघ्यांखाली उशी सरकवली.  कित्येक महिन्यांत आपण पाठीवर निजलो नाही, असं ते म्हणाले. मग त्यांचं बोलणं तुटत गेलं. पोती उचलून भेगाळलेली ती दोन पावलं काही वेळ ताठ उभी होती, आणि मग सावकाश, एकेक करून, बाजूला कलंडली.

शेकाची वेळ संपल्याची यंत्रावरची घंटा वाजायच्या आत मी ती बंद केली. बाहेर रांग लागली होती, हमीद चाचा करंटसाठी सगळ्यांत पुढे. मी दार लावून घेतलं आणि त्यांना म्हटलं, "आज ठहरना पडेगा चाचा. अंदर आदमी सोरा."